जेम्सटाउनची सभा आणि शाळेचं मंत्रिमंडळ



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून आज बोलायला शाळेचा विषय घेतला आहे. शाळेच्या कारभारात मुलांचा हात किती असावा आणि तो खरा केव्हा मानावा, हा माझा प्रश्न आहे. त्याचा विचार करण्यासाठी मी तुम्हाला आधी चारशे वर्षं मागे, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नेणार आहे.

३० जुलै १६१९. व्हर्जिनिया वसाहतीतलं जेम्सटाउन. ऐन उन्हाळ्यात तिथल्या लाकडी चर्चमध्ये एक सभा भरली. जेम्स नदीच्या खोऱ्यातल्या अकरा वस्त्यांनी प्रत्येकी दोन, असे बावीस प्रतिनिधी पाठवले होते. त्यांना बर्जेस म्हणत. गव्हर्नर जॉर्ज यर्डली आणि त्याचे सल्लागार पुढे बसले, प्रतिनिधी त्यांच्यासमोर. जॉन पोरी सभापती झाला. प्रार्थना झाली, मग एकेकाला बोलावून राजनिष्ठेची शपथ दिली गेली. ४ ऑगस्टला सभा घाईने आटोपती घ्यावी लागली, कारण उष्म्याने माणसं आजारी पडत होती आणि वॉल्टर शेली नावाचा प्रतिनिधी तर मधल्या रविवारी मरण पावला. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमधली ही पहिली प्रतिनिधिसभा.

तिचे अधिकार बघा. ती लोकांनी मागून मिळवलेली नव्हती. व्हर्जिनिया कंपनी नावाची लंडनची व्यापारी कंपनी वसाहत चालवत होती. आधीची काही वर्षं तिथे लष्करी शिस्तीचे कायदे होते आणि साध्या चुकांना भयंकर शिक्षा होत्या. वसाहत तोट्यात होती, नवी माणसं यायला तयार नव्हती. उंटावरून शेळ्या हाकणं जमत नाही हे कळल्यावर कंपनीने, माणसं यावीत आणि टिकावीत म्हणून, ही सभा देऊ केली. तिने केलेला कायदा गव्हर्नर अडवू शकत होता आणि लंडनची मंजुरीही लागत होती. कंपनीने घालून दिलेली मूळ सनद सभेने वाचायची, पण तिच्यात बदल करायचा नाही. काही जाचक वाटलं तर फक्त अर्ज करायचा.

वरून दिलेली, वरून काढून घेता येण्यासारखी, मंजुरीशिवाय पाऊल न टाकू शकणारी सभा. शिक्षक मित्रहो, हे वर्णन तुमच्या ओळखीचं आहे. आपल्या शाळांमधलं मंत्रिमंडळ असंच असतं.

जून-जुलैत आपल्याकडे कितीतरी शाळांत ही निवडणूक होते. मुलं अर्ज भरतात, चिन्हं घेतात, वर्गावर्गांत प्रचार करतात. कुठे कागदी मतपत्रिका असतात, तर जिल्हा परिषदेच्या काही शाळांतले उत्साही शिक्षक मोबाइलवरच मतदानयंत्र उभं करतात. बोटाला शाई लागते, मतमोजणी होते, शपथविधी होतो. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, सहलमंत्री अशी खाती वाटली जातात. यामागे शिक्षकांचे फार कष्ट असतात आणि मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो. मला प्रश्न पडतो तो दुसऱ्या दिवशीचा. त्या दिवसापासून या मंत्र्यांनी काय ठरवायचं? स्वच्छतामंत्री कचरा उचलायला लावतो, पण झाडूसाठी पाच रुपये खर्च करू शकत नाही. सहलमंत्र्याला सहल कुठे जाणार हे सूचनाफलकावर कळतं. ज्याला काही ठरवताच येत नाही त्याला निवडून देऊन मुलं नेमकं काय शिकतात?

दोन्ही सभांची सुरुवात जवळपास सारख्याच दुबळ्या अधिकारांनी झाली. त्यातली एक दीडशे वर्षांत इंग्लंडच्या राजाला आव्हान देण्याइतकी मोठी झाली. दुसरी दर जूनमध्ये पुन्हा पहिल्या पायरीवर उभी असते. हा फरक कशामुळे पडला, हे मी त्या जुन्या सभांच्या कामकाजातून शोधायचा प्रयत्न केला आहे.

जेम्सटाउनच्या सभेपुढचा अगदी पहिला वाद सदस्यत्वाचा होता. कॅप्टन जॉन मार्टिन नावाचा एक बडा जमीनदार होता. त्याच्या मळ्याचे दोन प्रतिनिधी हजर होते. पण मार्टिनला कंपनीकडून जी सनद मिळाली होती, तिच्यात वसाहतीचे कायदे त्याला लागू होणार नाहीत असं कलम होतं. सभेने विचारलं, जे कायदे तुम्ही पाळणार नाही ते करायला तुम्ही इथे कसे बसणार? मार्टिनला बोलावून घेतलं, ते कलम सोडून द्यायला सांगितलं. त्याने नकार दिला. सभेने त्याच्या दोन्ही प्रतिनिधींना परत पाठवलं. सभेला जन्मून अजून आठवडाही झाला नव्हता. कायदा करणारा कायद्याखाली असलाच पाहिजे, ही गोष्ट त्या माणसांना कुणी पुस्तकातून शिकवलेली नव्हती.

हे शाळेत आणून बघा. मधली सुट्टी संपल्यावर सर्वांनी वेळेवर वर्गात यायचं, असा नियम मुलांच्या सभेने केला. तो शिक्षकांना लागू आहे का? नसेल, तर प्रत्येक शिक्षकाच्या खिशात मार्टिनची सनद आहे आणि मुलांना ती स्पष्ट दिसते. पोलंडमधले डॉक्टर आणि शिक्षक यानुश कोर्चाक यांनी वॉर्सातल्या आपल्या अनाथाश्रमात मुलांचं न्यायालय चालवलं. त्याच्या संहितेतली पहिली ९९ कलमं आरोपीला सोडून देणारी किंवा क्षमा करणारी होती. दोष देणारी कलमं १०० पासून सुरू होत आणि शेवटचं १००० वं कलम आश्रमातून काढून टाकण्याचं होतं. या न्यायालयापुढे कोर्चाक स्वतः सहा महिन्यांत पाच वेळा उभे राहिले. मोठ्या माणसाने मुलांच्या नियमाखाली यायचं ठरवलं, तर ते कसं करावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जेम्सटाउनच्या सभेने आणखी एक धीट गोष्ट केली. समारोपाच्या अर्जात तिने कंपनीला अदबीनेच कळवलं, की आमचे कायदे मान्य वा अमान्य करण्याचा अधिकार जसा तुम्हाला आहे, तसा तुमचे हुकूम मान्य वा अमान्य करण्याचा अधिकार आम्हालाही द्यावा. १६२१ च्या सनदेत कंपनीने ते कबूल केलं: इथल्या सभेने संमती दिल्याशिवाय लंडनचे हुकूम बंधनकारक होणार नाहीत. कागदावर हा विजय मोठा, पण तीन वर्षांत कंपनीच बुडाली आणि व्हर्जिनिया थेट राजाच्या ताब्यात गेली. राजाने या सभेला मान्यता दिलेली नव्हती. तरी वसाहतीचे लोक जमत राहिले. १६२४ मध्येच त्यांनी ठराव केला होता, की सभेच्या अधिकाराशिवाय गव्हर्नरने कुठलाही कर बसवायचा नाही. राजाने सभेला रीतसर मान्यता दिली ती १६३९ मध्ये. मधली पंधरा वर्षं ही सभा केवळ भरत राहिली म्हणून जिवंत राहिली. वापरात असलेला अधिकार काढून घेणं अवघड असतं.

उत्तरेला मॅसॅच्युसेट्समध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथला गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप हा धर्मनिष्ठ, कर्तबगार, प्रामाणिक माणूस. १६३२ मध्ये त्याच्या मंडळाने तटबंदीसाठी गावांवर ६० पौंडांचा कर बसवला. वॉटरटाउन या गावाने कुरकूर केली: आम्हाला न विचारता बसवलेला कर भरला तर आम्ही आणि आमची मुलं गुलामगिरीत जाऊ. त्यांना समज देऊन गप्प करण्यात आलं, पण त्याच वर्षी प्रत्येक गावाने दोन माणसं निवडून कराबाबत सल्ला द्यावा असं ठरलं. दोन वर्षांनी, १६३४ मध्ये, या गावकऱ्यांनी आणखी एक साधी मागणी केली: मूळ सनद आम्हाला दाखवा. सनद उघडली गेली. त्यांनी वाचलं, की कायदे करण्याचा अधिकार गव्हर्नरच्या मंडळाला नसून सर्व सभासदांच्या सभेला आहे. विन्थ्रॉपचं म्हणणं असं, की सभासद आता फार झाले आहेत आणि कायदे करण्याइतकी जाणती माणसं अजून तुमच्यात नाहीत. गावकऱ्यांनी ते मानलं नाही. त्या मे महिन्यात गावांचे प्रतिनिधी कायदे करायला बसले आणि विन्थ्रॉप गव्हर्नरपदावरून गेला.

तुमच्यात अजून तेवढी समज नाही. हे वाक्य आपण मुलांना किती वेळा ऐकवतो! विन्थ्रॉप वाईट नव्हता, आपणही वाईट नाही. शिवाय मुलांच्या बाबतीत त्या वाक्यात काही सत्य आहे, हेही मी मान्य करतो. नऊ वर्षांच्या मुलाने अभ्यासक्रम ठरवावा किंवा शाळेच्या इमारतीच्या सुरक्षिततेवर मत द्यावं असं मी म्हणणार नाही. पण वॉटरटाउनच्या लोकांनी सगळं राज्य मागितलं नव्हतं. कराबद्दल विचारा, म्हणाले. नियम काय आहेत ते दाखवा, म्हणाले. आपल्या शाळेतल्या किती मुलांनी शाळेची लेखी नियमावली पाहिली आहे? शिक्षा कुठल्या नियमाखाली झाली हे किती जणांना माहीत असतं? सनद बघायला मागणं हे समजेचंच लक्षण आहे.

मॅसॅच्युसेट्सची आणखी एक हकीकत सांगतो, कारण ती मुलांना फार आवडते. बोस्टनमध्ये १६३६ च्या सुमारास रॉबर्ट कीन या श्रीमंत व्यापाऱ्याकडे एक चुकार डुकरीण आली. शर्मन नावाच्या एका गरीब बाईचं म्हणणं पडलं, की ती माझीच आणि कीनने ती मारून खाल्ली. खटले वर्षानुवर्षं चालले आणि अखेर सर्वोच्च सभेपुढे आले. तिथे गावांचे प्रतिनिधी बहुसंख्येने बाईच्या बाजूचे, तर वरचे मॅजिस्ट्रेट बहुसंख्येने कीनच्या बाजूचे. सगळे एकत्र बसत असल्यामुळे निकाल लागेना. या भांडणातून १६४४ मध्ये दोन सभागृहं वेगळी झाली. एका डुकरिणीपायी राज्यघटनेतला एक मोठा बदल झाला. मोठी तत्त्वं अशा किरकोळ तंट्यांतूनच आकार घेतात. म्हणून मैदान कुणाला कधी मिळणार, नळावर आधी कोण, वाचनालयातलं फाटलेलं पुस्तक कोणी भरून द्यायचं, हे प्रश्न मुलांच्या सभेपुढे यायलाच हवेत. ते क्षुल्लक म्हणून शिक्षकाने परस्पर निकालात काढले, तर सभेपुढे उरतं काय?

आता मुख्य मुद्दा, पैशाचा. या वसाहतींच्या सभा वाढल्या त्या त्यांच्या भाषणांमुळे नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्यांना लवकर कळलं. गव्हर्नर राजाचा, पण त्याचा पगार सभेने मंजूर करायचा. १७२८ मध्ये विल्यम बर्नेट मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होऊन आला तो राजाचा हुकूम घेऊनच: सभेने आपल्याला दरसाल १००० पौंडांचा कायमचा पगार बांधून द्यावा. सभा म्हणाली, पैसे देऊ, पण दर वर्षी, आमच्या मनाप्रमाणे. बर्नेटने सभा बोस्टनहून सेलमला हलवली. सभा नमली नाही. पुढच्या वर्षी तो वारला. त्याच्यामागून आलेल्या गव्हर्नरनेही तोच आग्रह धरला आणि शेवटी लंडननेच हट्ट सोडला. पेनसिल्व्हेनियात विल्यम पेनने १६८२ ला जी घटना दिली, तिच्यात सभेला कायदा मांडताही येत नव्हता, वरच्या मंडळाने तयार केलेल्या मसुद्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता येत होतं. वीस वर्षांच्या आत, १७०१ च्या सनदेत, कायदा मांडण्याचा अधिकार सभेने मिळवला.

आपल्याला हा अनुभव परका नाही. १८९२ च्या कायद्यानंतर मुंबईच्या विधिमंडळातल्या हिंदी सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येत होतं, मत देता येत नव्हतं. १९०१ मध्ये जमीनमहसुलाच्या विधेयकावर फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. ज्या सभेत नकार देता येत नाही तिथे बाहेर पडणं एवढंच हाती राहतं.

शाळेची आणि वसाहतीची तुलना इथे थांबते, आणि ती का थांबते हे नीट पाहायला हवं. वसाहतवाल्यांकडे तंबाखू होती, जमीन होती, कर होता. गव्हर्नरला त्यांची गरज होती. मुलांकडे असं काही नाही. मुख्याध्यापकांचा पगार त्यांच्या मतावर अवलंबून नाही. शिवाय मुलं दर वर्षी पुढे सरकतात आणि एक दिवस शाळा सोडतात. व्हर्जिनियाच्या सभेची आठवण दीडशे वर्षं साठत गेली. मंत्रिमंडळाची आठवण मार्चमध्ये पुसली जाते. त्यामुळे मुलांचा अधिकार आपोआप कधीच वाढणार नाही. मोठ्यांनी आपले हात स्वतःहून बांधून घेतले तरच तो वाढेल. माझ्या आजच्या व्याख्यानातलं मुख्य म्हणणं हेच आहे.

अमेरिकेत हा प्रयोग अनेकांनी केला. न्यूयॉर्कमध्ये १८९७ मध्ये विल्सन गिल यांनी शाळा-नगर नावाची पद्धत सुरू केली: वर्ग म्हणजे शहर, मुलांतून नगराध्यक्ष, नगरसेवक, न्यायाधीश, पोलीस. ती बरीच पसरली, क्यूबापर्यंत गेली. पण पुष्कळ ठिकाणी तिचं रूपांतर शिक्षकांच्या वतीने शिस्त राखणाऱ्या पोलिसांत झालं. मॉनिटरने फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची, हा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो स्वराज्याचा नाही, मुकादमीचा धडा आहे.

त्याहून जुना आणि फार मोठ्या माणसाचा प्रयोग म्हणजे थॉमस जेफर्सनचा. १७६९ च्या मे महिन्यात जेफर्सन सव्वीस वर्षांचा असताना त्याच व्हर्जिनियाच्या सभेत प्रथम बसला. काही दिवसांतच गव्हर्नरने सभा बरखास्त केली. सभासद जवळच्या रॅली नावाच्या खाणावळीत जमले आणि तिथे ब्रिटिश मालावर बहिष्काराचा करार झाला. ज्या माणसाच्या राजकीय आयुष्याची सुरुवात बरखास्त सभेतून झाली, त्याने म्हातारपणी विद्यापीठ काढलं. १८२५ च्या मार्चमध्ये व्हर्जिनिया विद्यापीठ सुरू झालं तेव्हा जेफर्सनची कल्पना अशी, की विद्यार्थ्यांच्या वागणुकीचा न्याय शक्यतो विद्यार्थ्यांनीच करावा. कडक पहारे नकोत. स्वाभिमान जागा ठेवला की पुरे.

सात महिन्यांच्या आत दंगल झाली. १ ऑक्टोबरच्या रात्री तोंडावर बुरखे घेतलेले विद्यार्थी आवारात गोळा झाले, युरोपातून आणलेल्या प्राध्यापकांविरुद्ध घोषणा झाल्या, अडवायला गेलेल्या दोन प्राध्यापकांवर काठ्या आणि विटा चालल्या. दुसऱ्या दिवशी पासष्ट विद्यार्थ्यांनी सही करून कळवलं, की आम्ही कुणाचंही नाव सांगणार नाही. ३ ऑक्टोबरला विद्यापीठाच्या घुमटाकार इमारतीत विद्यार्थ्यांना बोलावलं. ब्याऐंशी वर्षांचा जेफर्सन बोलायला उठला. शेजारी माजी राष्ट्राध्यक्ष मॅडिसन. जेफर्सनला शब्द फुटेनात. तो खाली बसला आणि दुसऱ्याला बोलावं लागलं. तेव्हा दोषी विद्यार्थी एकेक पुढे आले. काढून टाकलेल्यांत जेफर्सनच्याच नात्यातला एक मुलगा होता. त्यानंतर नियम कडक झाले.

काही जण या प्रसंगावरून निष्कर्ष काढतात, की पोरांच्या हाती कारभार दिला की असं होतं. मला तसं वाटत नाही. जेफर्सनच्या योजनेतले विद्यार्थी-न्यायाधीश प्राध्यापकांनी निवडायचे होते, विद्यार्थ्यांनी नव्हे. त्यांना द्यायचं काम एकच होतं, सोबत्यांचा न्याय करणं. कुठला नियम असावा हे ठरवण्यात त्यांचा वाटा नव्हता. मुलांकडून चहाडीची अपेक्षा धरली आणि कायद्याचा अधिकार आपल्याकडे ठेवला, तर मुलं एकजुटीने गप्प बसणारच. पुढे १८४० मध्ये बुरखाधारी विद्यार्थ्याच्या गोळीने प्राध्यापक जॉन डेव्हिस यांचा मृत्यू झाला. त्या धक्क्यानंतर, १८४२ मध्ये, परीक्षेत कुणाचीही मदत घेतली नाही असं प्रत्येकाने सही करून द्यायचं अशी पद्धत आली. ती राबवण्याचं काम हळूहळू पूर्णपणे विद्यार्थ्यांकडे आलं. दोषी ठरला तर विद्यापीठातून हकालपट्टी, ही तिथली दीर्घकाळची एकमेव शिक्षा २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनीच मतदान करून बदलली. नियम बदलण्याचा अधिकार हाती आल्यावर त्यांनी तो विचारपूर्वक वापरला.

याच देशातली एक छोटी गोष्ट मला जेफर्सनच्या गोष्टीइतकीच महत्त्वाची वाटते. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावात १९७४ मध्ये सरकारी हायस्कुलातच क्लस्टर स्कूल नावाची छोटी शाळा सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग तिच्याशी निगडित होते. दर आठवड्याला सभा, विद्यार्थी आणि शिक्षक प्रत्येकाला एकच मत. सुरुवातीला चोऱ्या व्हायच्या, आणि सभेत चर्चा शिक्षा किती द्यायची यावर अडकायची. पुढे एकदा एका मुलीच्या पर्समधून नऊ डॉलर गेले. चोर सापडला नाही. काही मुलांनी वेगळा ठराव मांडला: चोरी आपल्या शाळेत झाली, म्हणजे जबाबदारी सगळ्यांची, प्रत्येकाने पंधरा सेंट काढून तिचे पैसे भरून द्यावेत. आढेवेढे खूप घेतले गेले, मी का भरू असं विचारणारे होते. ठराव मंजूर झाला आणि त्यानंतर शाळेतल्या चोऱ्या थांबल्या असं कोलबर्ग यांनी नोंदवलं आहे. पंधरा सेंट म्हणजे किरकोळ रक्कम, पण १६२४ च्या व्हर्जिनियाचं तत्त्व तिच्यात आहे: आमच्यावरचा कर आम्हीच बसवणार. तो स्वतःहून बसवला तेव्हा ती मुलं एक समाज झाली.

त्याच राज्यातल्या फ्रेमिंगहॅममध्ये १९६८ पासून सडबरी व्हॅली ही शाळा चालते. न्यू इंग्लंडच्या जुन्या गावसभेचा नमुना तिने उघडपणे समोर ठेवला आहे. शाळेच्या साप्ताहिक सभेत चार वर्षांच्या मुलापासून शिक्षकापर्यंत सर्वांना एक मत. नियम तिथे होतात, खर्च तिथे ठरतो. पुढच्या वर्षी कुठल्या शिक्षकाला ठेवायचं यावरही दर वर्षी गुप्त मतदान होतं. गव्हर्नरच्या पगारावरचा हक्क म्हणा ना! आपल्या अनुदानित शाळांत हे होणार नाही आणि व्हावं असंही मी म्हणत नाही. पण मुलांना खरा अधिकार दिला तर शाळा कोसळते, या भीतीला अर्ध्या शतकाहून अधिक काळ चाललेली ती शाळा हे उत्तर आहे.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. जेम्सटाउनची सभा भरली त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस, १६१९ च्या ऑगस्टमध्ये, वीसहून अधिक आफ्रिकी माणसांना जहाजातून व्हर्जिनियात आणून विकलं गेलं. पुढे १६६२ मध्ये याच प्रतिनिधिसभेने कायदा केला, की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. गुलाम आईचं मूल जन्मतःच गुलाम. बायका या सभेत नव्हत्या, मूळ रहिवासी नव्हते, नोकर नव्हते. पहिल्याच सभेने थॉमस गार्नेट नावाच्या नोकराला मालकाच्या तक्रारीवरून चार दिवस कान खिळ्याने खांबाला ठोकून उभं राहायची शिक्षा दिली होती. सभेत जो नसतो त्याच्यावर सभा क्रूर होऊ शकते. लोकांनी निवडलेली असली तरी.

शाळेतही हे घडतं. निवडून येतात ती बहुधा बोलकी, हुशार, सुस्थितीतल्या घरची मुलं. वस्तीवरून चालत येणारी, बाजाराच्या दिवशी आईबरोबर भाजी विकायला बसणारी, अपंग मुलं, परगावहून ऊसतोडीच्या हंगामानंतर परत आलेली मुलं मंत्रिमंडळात दिसत नाहीत. मग डब्याचा, गणवेशाचा, वर्गणीचा नियम त्यांना न विचारता होतो. म्हणून काही गोष्टी बहुमताच्या बाहेर ठेवायला हव्यात. कुणाला अपमानित करायचं नाही, कुणाचं जेवण काढायचं नाही, गैरहजर मुलाविरुद्ध निकाल द्यायचा नाही. शिक्षकाचं काम इथे सुरू होतं, आणि ते मोठं आहे.

शेवटी थोडं प्रत्यक्षाबद्दल. जेम्सटाउनच्या त्या सहा दिवसांबद्दल मी तुम्हाला इतकं सांगू शकलो, कारण सभापती पोरीने इतिवृत्त लिहून लंडनला पाठवलं आणि ते टिकलं. नाहीतर शेलीचा मृत्यू, मार्टिनचा नकार, गार्नेटवरचा अन्याय, काहीच आपल्यापर्यंत आलं नसतं. मुलं शाळा सोडून जातात, पण वही राहते. गेल्या वर्षीच्या मंत्रिमंडळाने काय मागितलं, काय मिळालं, काय नाकारलं गेलं, हे नव्या मुलांना वाचायला मिळालं तर त्यांना पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागणार नाही.

इथे बसलेल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. येत्या जूनमध्ये निवडणूक घ्याल तेव्हा शपथविधीच्या आधी शाळेची नियमावली मोठ्याने वाचून दाखवा. एक छोटं खर्चाचं शीर्षक, स्नेहसंमेलनाचं असो, बागेचं असो किंवा वाचनालयाच्या पाचशे रुपयांचं, मुलांच्या सभेच्या सहीशिवाय खर्च होणार नाही असं ठरवा आणि ते पाळा. एक तरी नियम असा असू द्या, की जो मुलांनी केला आणि शिक्षकही पाळतात. इतिवृत्ताची वही कपाटात ठेवा, पण कपाटाला कुलूप नको. आणि त्यांच्या मागणीला नकार द्यायचा झाला, तर तो लेखी द्या, कारणासह, आठ दिवसांच्या आत.